स्क्रीन लॉक, पण पोर्ट उघडं : बाहेरच्या उपकरणापासून कॉम्प्युटरची मेमरी कशी वाचवायची?

रामाकोना : आपलं रामाकोना-सौंसर घ्या, सीमेपलीकडचं सावनेर-काटोल घ्या, नाहीतर बेळगाव घ्या, ऑनलाइन सेंटरवरचं चित्र सारखंच असतं. एक लॅपटॉप, एक प्रिंटर, बाजूला थंब मशीन आणि समोर लोकांची रांग. इकडे खसरा-खतौनी आणि समग्र आयडी, तिकडे सातबारा. कागदाचं नाव बदलतं, पण लोकांचा आधार नंबर, पासबुक, पासवर्ड सगळं त्या एकाच मशीनमधून जातं. सेंटरवाला चहाला जाताना स्क्रीन लॉक करतो आणि निश्चिंत होतो. काही मशीनच्या बाबतीत मात्र हे लॉक पुरेसं नसतं.

२०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, ते आपल्याला आठवतं. तो हल्ला मालवेअरच्या वाटेने झाला होता. इथे सांगतोय ती वाट वेगळी आहे. ती लॅपटॉपच्या बाजूला असलेल्या पोर्टमधून जाते.

डीएमए म्हणजे काय?

हार्ड डिस्क म्हणजे ऑफिसचं कपाट आणि रॅम, म्हणजे मेमरी, हे कामाचं टेबल. कपाटाला कुलूप असतं, पण काम चालू असताना कागद टेबलावर उघडेच असतात. बिटलॉकरने डिस्क लॉक केली असली, तरी मशीन चालू असताना त्या कुलपाची किल्लीसुद्धा मेमरीत असते.

नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड अशी वेगवान उपकरणं प्रत्येक वेळी प्रोसेसरला विचारत बसली, तर काम रखडेल. म्हणून त्यांना मेमरीत थेट लिहिण्या-वाचण्याची मुभा असते. हेच 'डायरेक्ट मेमरी ॲक्सेस', थोडक्यात डीएमए. सोय चांगली आहे, पण उपकरणच लबाड निघालं तर? ते टेबलावरचे सगळे कागद वाचू शकतं, त्यात फेरफारही करू शकतं. विंडोजचा पासवर्ड त्याला आडवा येत नाही, कारण ते त्या दाराने आलेलंच नसतं.

हे आजचं नाही

२००४ मध्ये माक्सिमिलियान डॉर्नसाइफ यांनी फायरवायर पोर्टला आयपॉड जोडून दुसऱ्या कॉम्प्युटरची मेमरी वाचता येते, हे दाखवलं. २०१६ मध्ये उल्फ फ्रिस्क यांचं 'पीसीआय-लीच' हे टूल आलं आणि असे प्रयोग बरेच सोपे झाले. २०१९ मध्ये केंब्रिज आणि राइस विद्यापीठांच्या संशोधकांनी 'थंडरक्लॅप' मांडलं. चार्जर किंवा प्रोजेक्टरसारखं साधं दिसणारं उपकरणही हे काम करू शकतं, असं त्यांनी बजावलं. २०२० मध्ये नेदरलँड्सच्या ब्योर्न राउटेनबर्ग यांनी 'थंडरस्पाय' दाखवलं. लॉक केलेल्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून काही मिनिटांत आत शिरता येत होतं.

या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. हल्ला करणाऱ्याच्या हाती मशीन काही मिनिटं लागावं लागतं.

धोका कोणत्या पोर्टला?

थंडरबोल्ट पोर्ट (शेजारी विजेची खूण असते), यूएसबी-४, आणि जुन्या लॅपटॉपवरचं फायरवायर किंवा एक्सप्रेसकार्ड. साध्या यूएसबी पोर्टला लावलेल्या पेनड्राइव्हला अशी थेट मेमरी मिळत नाही. पेनड्राइव्हचा धोका वेगळा : त्यातून व्हायरस येतो, किंवा तो कीबोर्ड असल्याचं सोंग घेऊन स्वतःच कमांड टाइप करतो. टाइप-सी पोर्ट मात्र दोन्ही प्रकारचं असू शकतं, म्हणून खूण बघा.

बचाव कसा होतो?

प्रोसेसरसोबत 'आयओएमएमयू' नावाची व्यवस्था असते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-डी म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्हीआय. बँकेच्या लॉकर रूमसारखं समजा. ज्याचा जो लॉकर, तेवढाच उघडेल, बाकीचे नाहीत. याच्याच आधारावर विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०३ आवृत्तीपासून 'कर्नल डीएमए प्रोटेक्शन' आलं. पण ते चालायला मशीन बनवणाऱ्या कंपनीने बायोसमध्ये तशी सोय दिलेली लागते. नुसतं विंडोज अपडेट करून जुन्या लॅपटॉपवर ते येत नाही. फायरवायर आणि एक्सप्रेसकार्डला हे संरक्षण लागूही होत नाही.

आपलं मशीन असं तपासा

१. स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा. यादीत 'कर्नल डीएमए प्रोटेक्शन' ही ओळ बघा. 'ऑन' असेल तर चांगलं.

२. 'ऑफ' असेल तर बायोसमध्ये व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू चालू आहे का बघा. जमत नसेल तर माहितगार दुरुस्तीवाल्याकडून आपल्या समोर करून घ्या.

३. तरीही 'ऑफ' दिसलं आणि थंडरबोल्ट, फायरवायर लागत नसेल, तर ते बायोसमधूनच बंद करा. बायोसला पासवर्ड टाका.

४. बिटलॉकर असेल तर त्याला सुरुवातीचा पिन लावा.

५. लिनक्सवर थंडरबोल्टची परवानगी सेटिंगमधून देता येते. अनोळखी उपकरणाला ती देऊ नका.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना

आपल्या भागातले बरेच लॅपटॉप नागपूरच्या बाजारातून येतात, त्यातले पुष्कळ कंपन्यांनी वापरून काढलेले. किंमत, बॅटरी सगळे बघतात. वरची 'ऑन-ऑफ'ची ओळही दुकानातच बघून घ्या, एक मिनिट लागतं.

रोजची सवय

दुकान बंद करताना लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवू नका, पूर्ण शट डाउन करा. स्लीपमध्ये मेमरी जागीच असते. वीज गेली की मेमरीतलं थोड्याच वेळात पुसलं जातं. अनोळखी डॉक, चार्जर, अडॅप्टर लावू नका. दुरुस्तीला देताना मशीन बंद करूनच द्या आणि कोणाच्या हाती दिलं ते लिहून ठेवा.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमधला डेटा काढणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशाची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. हा नंबर मध्य प्रदेश असो की महाराष्ट्र, सगळीकडे एकच आहे.

रांगेतला माणूस आपला आधार नंबर विश्वासाने सांगतो. त्याला डीएमए माहीत असण्याची गरज नाही, पण मशीन ज्याचं आहे त्याला ते माहीत असायला हवं.