गजकर्णातला हत्ती

पाऊस लागला की धुळे-जळगावच्या भाजीबाजारात पोत्याच्या तुकड्यावर कोवळ्या तरोट्याचे वाटे दिसू लागतात. कोकणात नि देशावर ह्यालाच टाकळा म्हणतात. देठावर पानांच्या तीन-तीन जोड्या, दिवस मावळला की मिटणाऱ्या. पिवळी फुले यायच्या आत खुडली तरच भाजी खाण्याजोगी, नंतर ती जून होते आणि वास धरते. लसूण, हिरवी मिरची, वरून दाण्याचा कूट. भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. ह्याच रोपाचे बी ताकात वाटून गजकर्णावर लावायचे, हे जुन्या बायकांना सांगावे लागत नसे. भाजी आवडीची, म्हणून तिची संस्कृत नावे अमरकोशात पाहायला गेलो आणि तिथे हत्ती भेटला.

अमरसिंहाने ह्या रोपाची सहा नावे दिली आहेत: प्रपुन्नाड, एडगज, दद्रुघ्न, चक्रमर्दक, पद्माट आणि उरणाख्य. माझे डोळे अडले ते एडगजावर. एड म्हणजे मेंढा, गज म्हणजे हत्ती. गुडघ्याएवढ्या तणाला ‘मेंढा-हत्ती’ कोण म्हणेल? हे नाव अमरसिंहाच्या पदरचेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आरग्वधीय नावाचा अध्याय आहे. त्यातल्या त्वचारोगावरच्या पहिल्याच लेपात बाहवा आणि करंजाच्या पंगतीला एडगज बसलेला आहे. म्हणजे ज्या रोपाने गजकर्ण बरे करायचे त्याच्या नावात गज आणि खुद्द रोगाच्या नावातही गज. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

गजकर्ण ह्या नावाची सर्वांना ठाऊक असलेली व्युत्पत्ती एका ओळीची आहे: डाग हत्तीच्या कानासारखा पसरतो, म्हणून गजकर्ण. ऐकायला ठीक. पण हत्तीचा कान एकदा नीट पाहा. तो खाली निमुळता, सुपासारखा असतो. गजकर्ण गोल असते, कडा उठलेली आणि मध्यभाग निवळत चाललेला. इंग्रजांना त्या जागी कडे दिसले आणि कातडीखाली अळी असल्याचा भास झाला, म्हणून रिंगवर्म. रोमनांनी तर सरळ कसरीचेच नाव दिले, टिनिया. डॉक्टर आजही तेच लिहितात. कान दिसला तो फक्त आपल्याला आणि शेजारच्या कानडी-गुजराती मंडळींना. सातपुडा ओलांडला की तोच रोग ‘दाद’ होतो. खानदेश बरोबर ह्या सीमेवर बसला आहे: एसटी स्टँडवरच्या पाटीवर ‘दाद, खाज, खुजली’ आणि घरात गजकर्ण.

दाद हा शब्द खानदानी आहे. संस्कृत दद्रूपासून आलेला, आणि दद्रूचे नातेवाईक पार युरोपात: जुन्या इंग्रजीतला टेटर, लिथुआनियनमधला देदेर्विने. खाजवून कातडी फाटणे हा मूळ अर्थ. वैद्यांमध्ये मात्र त्याच्या दर्जावरून मतभेद. चरक दद्रूला अकरा क्षुद्रकुष्ठांत टाकतो, सुश्रुत त्यालाच सात महाकुष्ठांत चढवतो. कुष्ठ म्हणजे तेव्हा त्वचारोगांचे अख्खे गाव, आजच्यासारखा एकच रोग नव्हे.

आता त्या सहा नावांकडे परत येऊ. दद्रुघ्न म्हणजे दद्रूला मारणारा. इथे दद्रू हे रोगाचे नाव. चक्रमर्दक म्हणजे चक्र चिरडणारा; चक्र म्हणजे अंगावरचे चकंदळ, पुन्हा रोगच. पद्माट? तमिळमध्ये ह्या रोगाला ‘पडरतामरै’ म्हणतात, पसरणारे कमळ. तेलुगूत नुसते ‘तामर’, म्हणजे कमळच. तरोट्याला कमळासारखे काही नसते. पद्माटातले पद्म हे दक्षिणेतल्या रोगाचे नाव असणार. तेव्हा सहापैकी तीन नावांच्या पोटात रोग बसलेला आहे. मग चौथ्या नावातल्या गजानेच हत्ती का व्हावे? तोही रोगच असला पाहिजे.

आणि तसा रोग आहे. कानडीत नि तेलुगूत खरजेला ‘गज्जी’ म्हणतात. एडगज म्हणजे मेंढ्याची गज्जी, मेंढरांची खरूज. उरणाख्य ह्या नावातला उरणही मेंढाच. भावप्रकाशात ह्याच रोपाला मेषलोचन म्हटले आहे, तिथेही मेंढा. हत्ती मात्र एडगजाशिवाय कुठेही नाही. मेंढपाळाला कळपाची खरूज ही केवढी डोकेदुखी असते, हे साक्रीकडच्या ठेलाऱ्यांना विचारावे. रानात उगवणारे, खरजेवर चालणारे रोप मेंढपाळांनी आधी ओळखले आणि वैद्यांनी त्यांच्याकडून नावासकट उचलले, असे मी समजतो. नाव संस्कृतात शिरताना ‘ज्ज’ सुटला आणि गज उरला. एकदा गज कानावर पडला की त्याला कर्ण चिकटायला कितीसा वेळ लागणार? गणपतीच्या बारा नावांत गजकर्णक घरोघर रोज म्हटले जात होतेच.

ह्यावर पहिला आक्षेप संस्कृताभिमान्यांचा. धुळ्यात बसून हा लेख लिहिताना तो डावलता येत नाही, कारण इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली ह्याच गावात वारले आणि त्यांचे नाव लावणारे संशोधन मंडळही इथलेच. राजवाड्यांचा ओढा मराठी शब्द संस्कृत धातूंपर्यंत नेण्याकडे. त्या वाटेने जाणारा म्हणेल की गज्जी हीच मुळात संस्कृत खर्जूची लेक. खर्जूपासून आपली खाज आणि खरूज झाली, तशी दक्षिणेत गज्जी झाली. असेल बुवा! त्याने माझे काही बिघडत नाही. माहेर कुठलेही असो, गजकर्णात खाज आहे, हत्ती नाही, एवढेच माझे म्हणणे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार: कानडी शब्द तापीकाठी कसा आला? त्याला उत्तर यादवांचे. सेऊणदेश म्हणजे आजचा नाशिक-खानदेशचा पट्टा हे यादवांचे मूळ ठाणे, आणि त्यांचे शिलालेख कानडीतही ढिगाने आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला; तिथल्या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात संस्कृतानंतर मराठी मजकूर येतो. तीन भाषा एका राज्यात नांदत असताना एका खरजेने सीमा ओलांडली तर नवल कसले?

तिसरा पक्ष हत्तीवाल्यांचाच, पण शहाणा. त्यांचे म्हणणे, चरकाने चर्माख्य कुष्ठाची कातडी हत्तीच्या कातडीसारखी जाड सांगितली आहे, म्हणजे वैद्यांना हत्ती सुचत होता. खरे आहे. पण तो दुसरा रोग, आणि तिथे कातडी आहे, कान नाही.

औषध म्हणून तरोट्याने अब्रू राखली, हेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गजकर्णावर ‘गोवा पावडर’ खपायची. ती गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली ती भुकटी पोर्तुगीजांच्या वाटेने गोव्यात आली होती. 1875 च्या सुमारास तिचे पृथक्करण झाले. तिच्यातले क्रायसॅरोबिन आणि तरोट्याच्या बियांतले क्रायसोफॅनिक आम्ल एकाच रासायनिक कुटुंबातली निघाली.

शब्द मात्र आता मरायला टेकला आहे. दवाखान्यात हल्ली कोणी गजकर्ण म्हणत नाही. ‘फंगल झालंय’ म्हणतात आणि मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणतात. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असले की खाज दोन दिवसांत थांबते, कडा पुसट होते, चक्र दिसेनासे होते आणि बुरशी आतून पसरत राहते. डॉक्टर ह्या वेषांतराला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात. 2018 च्या मार्चमध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. 2020 साली शास्त्रज्ञांनी नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या बुरशीला नाव दिले, त्यातही आपण आहोत: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तेव्हा मलम डॉक्टरला विचारूनच लावा, तरोटा पोटभर खा. आणि साक्री, शिरपूर, चाळीसगावकडे मेंढरे राखणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर कळपाच्या खरजेला तुमच्या घरात काय म्हणतात ते जरूर कळवा. त्यात कुठे ‘गज’ ऐकू आला, तर हत्तीवाल्यांशी माझा वाद संपला.