पटकीची उलटी गिनती

मृत्यूच्या संभाव्य क्षणाच्या १८ तास आधी. बनगाव, १९७१चा पावसाळा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत एक बाई साचलेलं पाणी पिते. त्यात पटकीचे जंतू आहेत: व्हिब्रिओ कॉलरी. (तासांचा हिशोब ढोबळ आहे, कुणात हाच प्रवास पाच दिवसही चालतो.)

१७ तास आधी. जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू मरतात. उपाशी, खंगलेल्या शरीरात आम्लच कमी. काही पुढे निसटतात.

१४ तास आधी. लहान आतडं. पेशींवर चिकट श्लेष्माचा थर आहे. त्यातल्या म्युसिन या प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या दाट लगडलेल्या असतात. एरवी जंतू इथेच अडकतात आणि आतड्याच्या हालचालीबरोबर वाहून जातात. बाईला काहीच होत नाहीये, पण माझ्या मते तिचा घात याच तासांत होतो. जंतू शेपटी फिरवत थरात घुसतो. खाडीच्या पाण्यात ज्या प्रथिनानं तो सूक्ष्म कवचधारी जीवांच्या कायटिनला चिकटतो, तेच प्रथिन इथे म्युसिनच्या शर्करेला धरतं. मग जंतूचं हॅप हे एन्झाइम म्युसिनचे तुकडे पाडतं. त्याचं दुसरं एन्झाइम, न्युरामिनिडेज, साखळ्यांच्या टोकाचं सियालिक आम्ल तोडतं. हे आम्ल जंतू खातो. वर, याच तोडण्यातून पेशींवरचे काही रेणू जीएम-१ बनतात, आणि पटकीचं विष नेमकं जीएम-१लाच चिकटतं!

८ तास आधी. जंतू पेशींना बिलगून वाढतात. आत मात्र शिरत नाहीत, विष सोडतात. कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९मध्येच सशांच्या आतड्यात दाखवलं होतं, की जंतू गाळून काढलेला द्रवही आतड्यात पाणी साचवायला पुरतो.

४ तास आधी. पेशींतून क्लोराइड बाहेर, त्यामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, कधी तासाला लिटरभर. हॅप आता जंतूंना पेशींवरून सुटायलाही मदत करतं. ते पुढच्या माणसाकडे निघालेत.

१ तास आधी. डोळे खोल, नाडी लागेना. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलंय. छावणीतले डॉ. दिलीप महालनोबिस मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून नातेवाइकांच्या हाती देतात. ग्लुकोजबरोबर सोडियम आत खेचणारी पेशींची यंत्रणा या विषानं बिघडत नाही, म्हणून ते पाणी शरीरात टिकतं. छावणीतलं पटकीचं मृत्युप्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं.