‘विद्यमान’ या एका शब्दात दडलेली सहा दशके

भिलाईचा इतिहास टप्प्यांत सांगितला जातो. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दहा लाख टनांची मूळ क्षमता 1967 मध्ये 25 लाखांवर आणि 1988 मध्ये 40 लाखांवर गेली. 70 लाख टनांसाठी विस्तारलेला कारखाना 14 जून 2018 रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. कारखान्याच्या प्रत्येक टप्प्याला अशी तारीख आहे.

कारखान्यासाठी उभारलेल्या सेक्टरांमधील निवासी इमारतींचे तसे नाही. कोणत्याही जुन्या वसाहतीत घडते तेच येथेही घडते. कुठे व्हरांडा विटांनी बंद होतो, कुठे लाकडी खिडकीच्या जागी अॅल्युमिनियमची सरकती खिडकी येते, कुठे गिलावा दोनदा-तीनदा नव्याने होतो. या बदलांच्या तारखा क्वचितच कोणी लिहून ठेवतो. अशा इमारतीचे नूतनीकरण ठरले आणि वास्तुविशारदाने संगणकावर तिचे प्रतिमान उभारायला घेतले, की आजवरचे सारे बदल एका शब्दात बंद होतात: ‘विद्यमान’. हा शब्द संगणकापर्यंत कसा पोहोचला, याचा इतिहास विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

त्याचा उगम कागदावरील रंगांत आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत नकाशे रंगविण्याचे संकेत दिलेले आहेत. त्यानुसार अस्तित्वात असलेले बांधकाम काळ्या रेषेने, पाडावयाचे बांधकाम पिवळ्या छायारेषांनी आणि प्रस्तावित बांधकाम लाल भरून दाखवले जाते. नगरपालिकेत परवानगीसाठी नकाशा सादर करणाऱ्या प्रत्येकाला हे तीन रंग परिचित असतात. जुने, जाणारे आणि येणारे असे तिन्ही काळ एकाच कागदावर मावतात, ही या संकेताची ताकद. मात्र हे रंग केवळ एका क्षणापुरते खरे असतात. काम पूर्ण झाले की लाल भिंत ‘विद्यमान’ होते आणि पिवळी भिंत नाहीशी होते. दहा वर्षांनी पुन्हा दुरुस्ती निघाली, तर नवा नकाशा काढावा लागतो आणि त्यात मागच्या टप्प्याची खूण उरत नाही.

1963 मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येऊ लागल्या. पण रेषेला आपण भिंत आहोत की खिडकी, हे ठाऊक नव्हते. 1970च्या दशकाच्या मध्यास कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी वेगळी कल्पना मांडली: रेषांऐवजी इमारतीच्या घटकांचीच नोंद ठेवावी आणि सर्व नकाशे त्या एकाच नोंदीतून निघावेत. भिंत ही अशा रीतीने ‘वस्तू’ झाली. वस्तूला लांबी, उंची आणि साहित्य असे गुणधर्म देता येतात. मग काळही गुणधर्म म्हणून देता येईल, ही शक्यता तेथेच दडलेली होती.

ही कल्पना वास्तुविशारदांच्या टेबलावर आणणाऱ्यांत 1982 मध्ये बुडापेस्ट येथे स्थापन झालेली ‘ग्राफिसॉफ्ट’ कंपनी अग्रभागी होती. तिच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक हंगेरीतील पाक्श अणुवीज केंद्राच्या नळजाळ्याचे त्रिमितीय प्रतिमान हे होते. भिलाईच्या कारखान्याप्रमाणेच त्या केंद्राचे तंत्रज्ञानही सोव्हिएत होते. याच कंपनीच्या ‘आर्चिकॅड’च्या 15व्या आवृत्तीत, 2011 मध्ये, नूतनीकरणाची स्वतंत्र सोय आली. प्रत्येक घटकाला विद्यमान, पाडावयाचा किंवा नवा असा दर्जा द्यायचा. कागदावरचे तीन रंग असे वस्तूचे गुणधर्म बनले.

2000 साली अमेरिकेत बाजारात आलेल्या आणि 2002 मध्ये ‘ऑटोडेस्क’ने विकत घेतलेल्या ‘रेव्हिट’मध्ये याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिलेले आहे. तेथे घटकाबरोबर दर्जा नव्हे, दोन माहिती साठवल्या जातात: तो कोणत्या टप्प्यात निर्माण झाला आणि कोणत्या टप्प्यात पाडला गेला. दर्जा त्यावरून काढला जातो. आधीच्या टप्प्यात निर्माण होऊन अजून टिकलेला घटक विद्यमान. याच टप्प्यात निर्माण झालेला नवा. आधीचा पण या टप्प्यात पाडलेला तो पाडलेला. आणि याच टप्प्यात येऊन याच टप्प्यात गेलेला तात्पुरता, उदाहरणार्थ बांधकामाची परात. टप्पा बदलला की तीच भिंत ‘नवी’ची ‘विद्यमान’ होते. पुन्हा रंगवावी लागत नाही. कागदाला जे जमत नव्हते ते येथे साधले.

इमारतीच्या बाह्यांगावर मात्र ही शिस्त लगेच अडखळते. समजा, भिलाईतील एका दुमजली इमारतीची बाहेरची भिंत प्रतिमानात उतरवायची आहे. आत मूळ विटकाम, त्यावर नंतरचा गिलावा आणि आता त्यावर नवे आवरण बसवायचे आहे. नेहमीच्या पद्धतीत ही सगळी भिंत एकच थरयुक्त घटक असते आणि संपूर्ण घटकाला एकच निर्मितीचा टप्पा मिळतो. फक्त गिलावा काढायचा असेल, तर विटकाम आणि गिलावा या दोन स्वतंत्र, एकमेकांना चिकटलेल्या भिंती म्हणून काढाव्या लागतात. खिडकीचेही तसेच. ती भिंतीच्या आधाराने राहते. पाडली तर मागे उरणारी पोकळी कशाने भरली, हा नवा प्रश्न उभा राहतो. रेव्हिट ती जागा आपोआप भिंतीने भरते. प्रत्यक्षात तेथे विटा आल्या की पत्रा, हे सांगणे माणसाचे काम.

याहून खोल अडचण कालक्रमाची आहे. तिचे स्वरूप पुरातत्त्वज्ञांनी आधीच ओळखले होते. 1973 मध्ये इंग्लंडमधील विंचेस्टर येथील उत्खननाच्या नोंदींवर काम करताना एडवर्ड हॅरिस यांनी थरांची आकृती मांडण्याची एक रीत शोधली. तीत तारीख आवश्यक नसते. कोणता थर कोणत्या थराच्या आधीचा, एवढेच पुरते. ज्या दोन थरांचा परस्परसंबंध सिद्ध होत नाही, ते अनिर्णित ठेवता येतात. बाह्यांगही असेच वाचावे लागते. बंद केलेल्या व्हरांड्याची वीट मूळ खांबाच्या गिलाव्यावर टेकली असेल, तर ती नंतरची, हे निश्चित. परंतु पूर्वेकडील छज्जाची दुरुस्ती आधी झाली की पश्चिमेकडील खिडक्यांची बदली, हे भिंत सांगेलच असे नाही. संगणकातील टप्पे मात्र एका सरळ ओळीतच लावावे लागतात. तेथे अनिर्णिताला जागा नसते.

त्यातून सर्वांत सोपी पळवाट निघते. रेव्हिटच्या तयार साच्यात आरंभी दोनच टप्पे असतात: विद्यमान आणि नवे बांधकाम. घाईत असलेला वापरकर्ता तेवढ्यावर थांबतो. मूळ सज्जा आणि त्यावर पंचवीस वर्षांनी चढवलेली विटांची भिंत, दोन्ही समान करड्या रंगात दिसू लागतात. हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. बाहेर झेपावणारा सज्जा मूळ आराखड्यात ज्या भारासाठी मोजला गेला, त्यात ती भिंत नव्हती. दोन्ही एकाच काळातील मानले, तर भाराचा हिशेब चुकतो आणि आधी काय उतरवायचे, हा क्रमही चुकू शकतो.

दर्शनी भागाची दुरवस्था किती महागात पडते, हे मुंबईने पाहिले आहे. 1860च्या दशकात इंग्लंडमध्ये ओतलेल्या लोखंडी सांगाड्यावर काळा घोड्याजवळ उभे राहिलेले वॉटसन हॉटेल, म्हणजेच एस्प्लनेड मॅन्शन, मूळ रूपात उघड्या सज्जांचे होते. पुढे खोल्यांचे विभाजन होत गेले आणि सज्जे बंदिस्त होत गेले. 2005 मध्ये त्याच्या दर्शनी भागाचा काही अंश कोसळून एकाचा मृत्यू झाला.

2009 पासून ‘ऐतिहासिक इमारतींचे माहिती-प्रतिमान’ ही संज्ञा रूढ होऊ लागली. डब्लिनमधील संशोधकांनी लेझर-मापनातून मिळालेल्या बिंदूंवर जुन्या इमारतींचे घटक बसवण्याची पद्धत मांडली. पण लेझर भिंतीचा आकार मोजतो, वय मोजत नाही. वय कळते ते गिलाव्याचा छेद घेऊन, विटेचे माप तपासून, जुनी छायाचित्रे आणि दुरुस्तीच्या नोंदवह्या चाळून, तसेच त्या घरात राहिलेल्या निवृत्त कामगारांना विचारून. हे पुरावे दरवर्षी थोडेथोडे कमी होत आहेत. म्हणून भिलाईसारख्या नगरातील इमारतीचे प्रतिमान उभारताना पहिले काम नव्या आवरणाचा रंग ठरवणे हे नव्हे. ‘विद्यमान’ हा टप्पा फोडून त्याचे जितके करता येतील तितके टप्पे करणे आणि जेथे पुरावा नाही तेथे ‘अनिश्चित’ अशी स्पष्ट नोंद ठेवणे, हे पहिले काम होय.