तलवार गेली, त्सुबा उरली

सन १८७६ च्या मार्च महिन्यात, २८ तारखेस, जपानच्या मेइजी सरकारने एक फर्मान काढले. सैनिक, पोलीस अधिकारी आणि दरबारी पोशाखातील मानकरी एवढे वगळून इतर कोणीही कमरेला तलवार लावून हिंडू नये, असा त्याचा आशय होता. लांब व आखूड अशा दोन तलवारींची जोडी कमरेला असणे हा सामुराई वर्गाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अधिकार. किंबहुना तीच त्या वर्गाची ओळख. ती ओळख ह्या एका हुकुमाने संपली. त्याच वर्षी ह्या वर्गाचे वंशपरंपरागत तनखेही सरकारी रोखे देऊन कायमचे बंद करण्यात आले. पुढच्या वर्षी सात्सुमा प्रांतात सायगो ताकामोरीच्या नेतृत्वाखाली बंड झाले आणि ते मोडून काढण्यात आले. हा वृत्तांत जपानच्या कोणत्याही इतिहासात सापडतो. त्याच इतिहासाच्या कडेला एका लहानशा वस्तूची कथा मात्र काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. तलवारीच्या मुठीपुढे बसविलेली धातूची चकती, ती ही वस्तू. जपानी भाषेत तिला ‘त्सुबा’ म्हणतात. कमरेच्या तलवारी उतरल्या, तेव्हा असंख्य त्सुबा सुट्या होऊन बाजारात आल्या आणि तेथून जगभरच्या संग्रहालयांत व हौशी संग्राहकांच्या पेट्यांत जाऊन पोचल्या.

आपल्याकडील तलवारीची मूठ व तिची परज ही बहुधा एकसंध धातूची असतात आणि पाते त्यांत राळेने पक्के केलेले असते. जपानी तलवारीची रचना निराळी आहे. पात्याचा मागचा निमुळता भाग लाकडी मुठीत शिरतो आणि बांबूच्या एका लहान खुंटीने तेथे अडकतो. ती खुंटी काढली की मूठ, त्सुबा आणि पाते ही वेगवेगळी होतात. लढताना हात पुढे सरकून धारेवर जाऊ नये, पात्याचा तोल साधावा आणि मुठीवरील हाताला थोडाफार आडोसा मिळावा, हे त्सुबेचे काम. तिचा व्यास साधारणतः सात-आठ सेंटिमीटर आणि जाडी चार-पाच मिलिमीटर. मधोमध पाते जाण्यासाठी पाचरीच्या आकाराचे छिद्र असते. त्याच्या एका बाजूस लहान चाकूसाठी व दुसऱ्या बाजूस केस नीट करण्याच्या सळईसाठी, अशी आणखी एक-दोन छिद्रे पुष्कळदा असतात. तळहातावर मावणाऱ्या एवढ्याशा चकतीवर जपानी कारागिरांनी कित्येक शतके आपली सारी बुद्धी खर्च केली.

आरंभीच्या त्सुबा साध्या लोखंडी पत्र्याच्या असत. एखादे फूल, चंद्रकोर किंवा चाक आरपार कापून काढलेले असावे, एवढाच त्यांचा अलंकार. पुढे ओवारी आणि क्योतो येथे लोखंडातील जाळीकाम एका स्वतंत्र कलेच्या पदवीला पोचले. नोबुइए ह्या कारागिराने घणाचे घाव आणि लोखंडाचा पोत ह्यांनाच सौंदर्य मानले, तर फुशिमीच्या कानेइएने लोखंडावर शाईच्या चित्रासारखी डोंगर, पाणी आणि वाटसरू ह्यांची दृश्ये उमटविली. दुसरीकडे गोतो युजो (१४४०–१५१२) ह्याने शोगुन आशिकागा योशिमासाच्या आश्रयाने तलवारीच्या साजाचे एक घराणे स्थापिले आणि ते सतरा पिढ्या चालले. ह्या घराण्याचे काम मौल्यवान धातूंतील, शिस्तबद्ध आणि दरबारी रीतीचे होते.

सन १६०३ मध्ये तोकुगावांची राजवट सुरू झाली आणि त्यानंतर देशात अडीच शतकांहून अधिक काळ बहुतांशी शांतता नांदली. युद्धे थांबल्यामुळे त्सुबेवरील कलाकुसर कमी व्हावयास हवी होती. घडले ते उलट. तलवार आता प्रतिष्ठेची खूण झाली आणि आखूड तलवार बाळगण्याची मुभा असलेले धनिक व्यापारीही साजाची हौस करू लागले. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडे सोने मिसळून केलेली, रसायनात उकळल्यावर निळसर काळी होणारी मिश्रधातू. शिबुइची ह्या नावाचा अर्थच ‘एक चतुर्थांश’. तीत चौथा हिस्सा रुपे आणि बाकीचे तांबे. अशा धातूंवर योकोया सोमिन (१६७०–१७३३) ह्याने छिन्नी अशी चालविली, की ती कुंचल्यासारखी वाटावी. ह्याच काळात दक्षिणेकडील हिगो प्रांतात होसोकावा घराण्याच्या आश्रयास असलेले कारागीर लोखंडाशीच एकनिष्ठ राहिले. त्यांच्यातील हायाशी माताशिची हा मूळचा बंदुका घडविणाऱ्या घराण्यातला. लोखंडाचा पृष्ठभाग बारीक रेघांनी खरवडून त्यावर सोन्याचा पत्रा ठोकण्याची त्यांची रीत आपल्याकडील कोफ्तगिरीची आठवण करून देते. प्रसिद्ध तलवारबहाद्दर मियामोतो मुसाशी अखेरची वर्षे ह्याच हिगोत होता आणि दोन लांबट छिद्रांची एक अगदी साधी त्सुबा परंपरेने त्याच्या नावावर मोडते.

सन १८७६ च्या फर्मानाने ह्या सर्व व्यवसायाचा पाया काढून घेतला. पिढीजात कसब हाताशी होते, परंतु गिऱ्हाईक उरले नव्हते. काहींनी तंबाखूच्या बटव्यांच्या कड्या, फुलदाण्या व धूपपात्रे घडविण्यास आरंभ केला. काही धंदा सोडून गेले. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) ह्याचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष बोलके आहे. तलवारीच्या साजाचा हा अव्वल कारागीर नव्या सरकारच्या नाण्यांचे ठसे कोरण्याच्या कामी लागला आणि १८९० मध्ये तोक्योच्या ललितकला विद्यालयात धातुकामाचा प्राध्यापक झाला. ज्या राजवटीने त्याचे गिऱ्हाईक नाहीसे केले, तिच्याच नाण्यांवरील ड्रॅगन त्याच्या हातून उतरला. परंतु असे भाग्य थोड्यांच्याच वाट्यास आले.

सुट्या झालेल्या त्सुबा परदेशी प्रवासी आणि व्यापारी ह्यांनी मोठ्या संख्येने नेल्या. अमेरिकेत बोस्टनच्या संग्रहालयास विल्यम स्टर्जिस बिगेलो ह्याच्या संग्रहातून त्यांचा मोठा साठा मिळाला. जर्मनीत हांबुर्गच्या संग्रहालयात काम करणाऱ्या हारा शिंकिची ह्याने १९०२ मध्ये साजाच्या कारागिरांची नामावली प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये आंरी जोली ह्याने खाजगी संग्रहांच्या विस्तृत सूची सिद्ध केल्या. खुद्द जपानात ह्या विषयाचा अभ्यास त्याहून जुना आहे. ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू ह्याचा तलवारीच्या साजावरील ग्रंथ १७८१ मधला. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर परकीय सैन्याच्या अंमलात असंख्य तलवारी जप्त होऊन नष्ट झाल्या. ही कला वाचविण्यासाठी १९४८ मध्ये जपानी तलवारींच्या संरक्षणार्थ एक संस्था स्थापन झाली. तीच संस्था तोक्योत तलवारींचे संग्रहालय चालविते आणि तज्ज्ञांकरवी परीक्षा करून त्सुबांनाही प्रमाणपत्रे देते.

ह्या पार्श्वभूमीवर आज एखादा नवशिका त्सुबा जमवू लागला, तर त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो मालापेक्षा पारखीचा. बाजारात त्सुबा विपुल आहेत. त्यांतील अस्सल कोणत्या, हे त्यास ठाऊक नसते. त्याची पहिली ओढ बहुधा सहीकडे असते. मधल्या छिद्राच्या डाव्या अंगास कोरलेले एखादे थोर नाव पाहून तो हरखून जातो. परंतु नोबुइए किंवा कानेइए ह्यांसारखी नावे पुढील शतकांत इतक्या वेळा खोटी कोरली गेली आहेत, की नुसत्या सहीला पुराव्याची किंमत फारच थोडी. उलट, सही नसलेल्या अनेक जुन्या त्सुबा निःसंशय उत्तम आहेत. म्हणून जाणकार सल्ला देतात तो असा, की सही सर्वांत शेवटी वाचावी.

प्रथम वाचावयाचे ते मधले छिद्र. पाते घट्ट बसावे म्हणून छिद्राच्या काठावर छिन्नीचे ठोके दिलेले असतात आणि छिद्राच्या टोकांशी तांब्याचे लहान तुकडे ठोकून बसविलेले असतात. पाते बदलले की हे तुकडेही बदलत. बापाची त्सुबा मुलाच्या तलवारीवर चढे, कधी मोडीत विकली जाऊन परक्याच्या मुठीपुढे जाई. बाजूचे छिद्र नको झाले तर ते शिसे किंवा दुसरा धातू भरून बुजवीत. अशा खुणा असलेली त्सुबा खरोखर तलवारीवर वागली आहे, असे समजावयास हरकत नाही. ज्या त्सुबेचे छिद्र कोरे करकरीत आहे, जिच्यावर पक्षी, फुले आणि योद्धे ह्यांची दाटी झाली आहे, ती पुष्कळदा मेइजी काळात परदेशी गिऱ्हाइकासाठी घडविलेली असते. योकोहामा बंदरातून जाणाऱ्या ह्या मालास जपानी लोक ‘हामामोनो’ म्हणत. तिच्यातील कारागिरी कधीकधी चांगलीही असते; परंतु तिला कमरेचा इतिहास नाही.

त्यानंतर पाहावयाचे ते लोखंड. घडीव त्सुबेच्या कडेवर कठीण लोखंडाचे उंचवटे दिसतात. अभ्यासक त्यांना ‘लोखंडाची हाडे’ म्हणतात. जाळीच्या आतल्या भिंतींवर कानशीच्या रेघा असतात. ओतीव नकलेत त्या जागी बारीक खड्डे किंवा साच्याच्या सांध्याची रेघ आढळते. जुन्या लोखंडाचा रंग गडद तपकिरी, काहीसा जांभळट असतो. हा थर शतकांच्या हाताळणीने व पुसण्याने आलेला असतो आणि खऱ्या संकटाची जागा हीच. नवशिक्यास हा काळसर थर मळ वाटतो. तो आम्लात बुडवून, तारेच्या ब्रशाने घासून त्सुबा पोलादासारखी चकचकीत करतो आणि आपण वस्तूचा उद्धार केला असे समजतो. वस्तुतः त्या अर्ध्या तासात तीनशे-चारशे वर्षांचा पुरावा पुसला जातो. खोटी सही निदान पुढील अभ्यासकाला ओळखता येते. घासून काढलेला थर कोणत्याही तज्ज्ञास परत आणता येत नाही. तांबडा, वाढता गंज दिसल्यास जपानातील जुनी रीत हाडाच्या किंवा हरणाच्या शिंगाच्या तुकड्याने तेवढाच भाग हलके खरवडण्याची आहे. त्यानंतर मऊ सुती कापडाने दिवसेंदिवस पुसणे, एवढाच उपचार. शाकुदो व शिबुइची ह्यांच्या पृष्ठभागास तर घासण्याचा स्पर्शही होता कामा नये. तेथे रंग हाच अलंकार आहे आणि तो अत्यंत पातळ असतो. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत लोखंडी त्सुबा ठेवणाऱ्यास घामट हात आणि पावसाळी ओल ह्यांचे विशेष भय. त्सुबा कोरड्या हाताने, कडेला धरून उचलावी आणि प्रत्येकीस लाकडी पेटीत स्वतंत्र खाच असावी.

आरंभ कोठून करावा, ह्याविषयीही एक साधा नियम सांगता येईल. दहा झगमगीत त्सुबा घेण्याऐवजी जाळीकामाची एकच साधी, बिनसहीची लोखंडी त्सुबा घ्यावी आणि ती पुष्कळ दिवस पाहावी. उजेडात फिरवून कडेची जाडी पाहावी, मधल्या छिद्राचे ठोके मोजावेत, बोटाखाली पोत अनुभवावा. संग्रहालयातील आणि ग्रंथांतील अस्सल नमुन्यांशी ती ताडून पाहावी. ह्या अभ्यासानंतर प्रमाणपत्राचा कागद हाती आला, तर त्याचा अर्थ तरी कळतो.

नवशिक्याच्या मनात बहुधा एक रम्य कल्पना असते, की आपल्या हातातील त्सुबा कोण्या एका वीराच्या एका तलवारीची होती आणि १८७६ साली तिची ताटातूट झाली. छिद्रातील तांब्याचे तुकडे निराळेच सांगतात. त्सुबा कधीच एका पात्याची नव्हती. ती एका मुठीवरून दुसऱ्या मुठीवर, एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिली आणि प्रत्येक मुक्कामाची खूण तिने अंगावर ठेवली. त्या फर्मानाने तिला शेवटच्या तलवारीपासून तोडले, एवढेच. आजच्या संग्राहकाची पेटी हा तिचा आणखी एक मुक्काम. तेथून ती पुढील हाती जाईल, तेव्हा आधीच्या साऱ्या खुणा तिच्यावर शाबूत असाव्यात, इतकी जबाबदारी तरी तिच्या आजच्या मालकाने मानली पाहिजे.