जबलपूरची जोंगा आणि धुळीचा प्रश्न

तिलवारा घाटावरील नर्मदेच्या वाळूत क्वार्ट्झ असते. मोह्स श्रेणीत त्याची कठीणता 7. त्याची धूळ इंजिनात शिरल्यास सिलिंडर व पिस्टन रिंगा झिजतात. याच जबलपुरात 1969 साली वाहन निर्माणी स्थापन झाली. सैन्याच्या ‘जोंगा’ गाडीच्या नावातील पहिले अक्षर जबलपूरचेच.

त्या काळी ऑइल बाथ एअर फिल्टर सर्रास असत. त्यांत हवा तेलावरून वळे, धूळ तेलात अडके. तेल बदलले की फिल्टर पुन्हा सज्ज. आजचा धुऊन वापरायचा, तेल लावलेला सुती फिल्टर हवेला कमी अडवतो. परंतु बारीक धूळ रोखण्यात कागदी फिल्टर सहसा सरस ठरतो. आयएसओ 5011 चाचणीत हवेचा अडथळा आणि अडवलेली धूळ, दोन्ही मोजतात. आडवाटेच्या इंजिनाचे आयुष्य दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते.