रोही मारण्याचा परवाना

* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. मात्र उभ्या पिकाची नासाडी करणारा प्राणी पहिल्या अनुसूचीतला नसेल, तर कलम ११ खाली त्याला मारण्याची लेखी परवानगी मिळू शकते. २०१५ च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्रात रोही (नीलगाय) व रानडुकरासाठी अर्ज वनक्षेत्रपालाकडे करायचा असतो. शेत स्वतःचे असले तरी मारण्याचा हक्क सातबाऱ्यातून येत नाही. मारलेले जनावरही कलम ३९ नुसार सरकारचेच. पण बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला तूर-हरभरा पिकवणाऱ्या किती घरांत बंदूक असते? परवाना कागदावर राहतो. शेतकऱ्याच्या वाट्याला येते ती रात्रीची जागल आणि नुकसानीचा पंचनामा. — संपा.