माग, मोटार आणि मजूर : टोयोटा कारखान्याचा इतिहास



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा विद्वानांच्या पंक्तीला बसण्याचा माझा दावा नाही. तरीही चालकांनी मोठ्या आग्रहाने विषय विचारला, तेव्हा मी जपानच्या टोयोटा मोटार कारखान्याचा इतिहास सांगतो म्हणालो. कित्येकांना त्याचे नवल वाटले. कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारीची भलावण कशाला करावी? पण गोष्ट अशी आहे की, या मोटारीच्या इतिहासात पहिल्या प्रकरणापासून शेवटच्यापर्यंत आपलाच प्रश्न भरलेला आहे. तो म्हणजे यंत्र आणि माणूस यांत कोणी कोणाला थांबवायचे, हा.

गेल्या महिन्यात कामगार न्यायालयाच्या कामासाठी एका भाड्याच्या इनोव्हा गाडीतून जाण्याचा योग आला. चालक साताऱ्याकडचा, चाळिशीतला. गाडी कशी काय आहे म्हणून विचारले, तर म्हणाला, "काका, साडेचार लाख किलोमीटर झालं, इंजिन उघडलेलं नाही. घेताना महाग पडली, पार्टही महाग. पण शिर्डीच्या वाटेवर रात्री दोन वाजता पाशिंजर घेऊन कधी उभं राहावं लागलं नाही." थोडा वेळ गेल्यावर पुढे म्हणाला, "विकायला काढली तरी गिऱ्हाईक दारात येतं." टोयोटाच्या गाड्यांविषयी जगभरचे मालक जे बोलतात त्याचे सार या माणसाने दोन मिनिटांत सांगितले. गाडी दिसायला साधी, किमतीला जड, नव्या सुखसोयी उशिरा येणार. पण दगा देणार नाही. हा भरवसा आला कोठून, हे आज पाहावयाचे आहे.

आरंभ मोटारीपासून नव्हे, मागापासून करावा लागतो. साकिची टोयोदा हा १८६७ साली आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात, सुताराच्या घरी जन्मला. गावातल्या बायका हातमागावर राबत. ते कष्ट पाहून त्याने माग सुधारण्याचा ध्यास घेतला. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले, १८९६ च्या सुमारास यंत्रमाग तयार झाला, आणि १९२४ मध्ये 'जी' जातीचा स्वयंचलित माग पुरा झाला. धावता माग न थांबवता त्यातला धोटा आपोआप बदले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सूत तुटले की माग आपण होऊन थांबे. तुटल्या धाग्यावर माग चालत राहिला तर वारच्या वार कापड खराब होते. हे टाळण्यासाठी एरवी माणसाने डोळ्यांत तेल घालून मागाजवळ उभे राहावे लागे. आता ते काम मागच करू लागला, आणि एक विणकर तीसहून अधिक माग सांभाळू शकला. पुढे १९२९ मध्ये इंग्लंडातील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने या मागाचे हक्क घेण्याचा १ लाख पौंडांचा करार केला. ज्या लँकेशायरने जगाला यंत्रमाग शिकवला, त्यानेच सुताराच्या मुलाचे पेटंट विकत घ्यावे, ही घटना लहान नव्हे.

येथे क्षणभर मुंबईकडे वळतो, कारण हा धागा आपल्या गिरणगावाशी जुळतो. जपानी कापड त्या काळी हिंदुस्थानच्या बाजारात येऊन पडत होते आणि गिरणीमालकांना धडकी भरली होती. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवावेत. माग मात्र जुनेच! धागा तुटल्यावर थांबणारे नव्हेत. १९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर गेले, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण होते. जपानात यंत्र सुधारून माणसाकडे जास्त माग दिले. येथे यंत्र तेच ठेवून माणसाकडून जास्त काम मागितले. माझे आजोबा विणाई खात्यात होते. तीन मागांमागे धावून त्यांचे पाय संध्याकाळी सुजत, असे आजी सांगे. यंत्रास विरोध केला म्हणून कामगारांना दोष देणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा.

साकिची १९३० मध्ये वारला. त्याचा मुलगा किइचिरो हा तोक्यो विद्यापीठाचा यंत्र-अभियंता. १९२३ च्या भूकंपानंतर फोर्डच्या सांगाड्यांवर बांधलेल्या बसगाड्या तोक्योच्या रस्त्यांवर धावू लागल्या होत्या. १९२५ मध्ये योकोहामात फोर्डने आणि १९२७ मध्ये ओसाकात जनरल मोटर्सने जुळणीचे कारखाने काढले. देशात मोटारी धावत होत्या, पण त्या परक्यांच्या. १९३३ मध्ये किइचिरोने मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. १९३५ मध्ये पहिली मालमोटार आणि १९३६ मध्ये 'ए-ए' ही पहिली प्रवासी मोटार बाजारात आली. १९३७ मध्ये स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. घराण्याचे नाव 'टोयोदा', पण कंपनीचे नाव 'टोयोटा' ठेवले; जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिले जाते आणि आठ हा आकडा तेथे शुभ मानतात.

आज भरवशाचे प्रतीक झालेल्या या गाड्या तेव्हा कशा होत्या? पहिल्या मालमोटारी वाटेत वरचेवर बंद पडत. जेथे गाडी अडली तेथे कारखान्याची माणसे धावत जाऊन दुरुस्त करून देत. जनरल मोटर्सची नोकरी सोडून आलेला शोतारो कामिया हा विक्रीचा प्रमुख होता. त्याचे धोरण असे, की हित आधी ग्राहकाचे, मग विक्रेत्याचे आणि शेवटी कारखानदाराचे. अपयश लपवायचे नाही, ते कोठून आले याचा माग काढायचा, ही सवय येथे लागली.

नंतर युद्ध आले आणि कारखाना सैन्यासाठी मालमोटारी काढू लागला. युद्ध संपल्यावर खरी कसोटी आली, आणि माझ्या दृष्टीने या इतिहासाचा गाभा येथेच आहे. १९४९ मध्ये अमेरिकन बँकर जोसेफ डॉज याच्या सल्ल्याने जपानी सरकारने चलन आवळले. गाड्या विकल्या जाईनात, विकल्या त्यांचे पैसे येईनात. कंपनी बुडण्याच्या बेतात आली. बँकांनी कर्ज दिले, पण अटी घातल्या. युनियनने १० टक्के पगारकपात मान्य केली, ती कोणालाही कमी करणार नाही या बोलीवर. चार-पाच महिन्यांतच ती बोली मोडली. एप्रिल १९५० मध्ये १६०० माणसे कमी करण्याची योजना जाहीर झाली आणि संप पेटला. तो जूनच्या १० तारखेपर्यंत चालला. अखेर सुमारे दोन हजार माणसे 'स्वेच्छेने' बाहेर पडली. स्वेच्छा या शब्दाचा अर्थ येथे बसलेल्या गिरणी कामगारांच्या मुलांना मी सांगावयास नको.

पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. शब्द मोडावा लागला म्हणून किइचिरो टोयोदाने ५ जून रोजी अध्यक्षपद सोडले. कामगारांना घरी पाठवून स्वतः खुर्चीत राहिला नाही. त्यानंतर वीस दिवसांत कोरियाचे युद्ध भडकले, आणि अमेरिकन सैन्याची पहिली मागणी १००० मालमोटारींची आली. कारखाना तरला. किइचिरो मात्र १९५२ च्या मार्चमध्ये वारला. काढून टाकलेल्यांचे पुढे काय झाले, हे कंपन्यांच्या स्मरणिकांत सहसा सापडत नाही.

या पडझडीतून जी घडी बसली तिचे दोन भाग. राहिलेल्या कायम कामगारांना नोकरीची हमी मिळाली. बदल्यात युनियनने झगडा सोडून सहकार्याचा मार्ग धरला. शेजारच्या निस्सान कारखान्यात १९५३ साली मोठा संप मोडला, दुसरी युनियन उभी राहिली, आणि लढाऊ मोटार कामगार संघटना १९५४ मध्ये विसर्जित झाली. १९६२ मध्ये टोयोटात मालक-मजूर सहकार्याचा संयुक्त जाहीरनामाच निघाला.

याच काळात ताइइची ओनो या अधिकाऱ्याने कामाची नवी पद्धत घडवली. तो टोयोदाच्या कापड गिरणीतून आलेला. यंत्रशाळेत एका कारागिराकडे एकाऐवजी दोन, मग तीन-चार यंत्रे त्याने दिली. म्हणजे पुन्हा मागाचाच हिशेब! तेथील कारागिरांनीही कुरकुर केलीच. त्याची दुसरी कल्पना अशी की, पुढच्या खात्याला हवे तेव्हा, हवे तेवढेच सुटे भाग मागच्या खात्याने करावेत. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानात फळीवरची वस्तू संपली की तेवढीच पुन्हा मांडतात, तसे. त्यासाठी सुट्या भागांबरोबर चिठ्ठी फिरे. तिला 'कानबान' म्हणतात. आणि तिसरी, सर्वांत मोलाची कल्पना साकिचीच्या मागातून आली: जुळणीच्या रांगेवर प्रत्येक कामगाराच्या हाताशी दोरी. चूक दिसली की ओढायची; वेळेत निस्तरली नाही तर रांग थांबते. धागा तुटला की माग थांबतो, तसेच.

फोर्डच्या कारखान्यात रांग थांबवणे हा गुन्हा होता. येथे चूक पुढे ढकलणे हा गुन्हा ठरला. साताऱ्याच्या चालकाचा भरवसा त्या दोरीला बांधलेला आहे.

लगेच सारे सुरळीत झाले असे नव्हे. १९५५ ची 'क्राऊन' मोटार जपानी टॅक्सीवाल्यांना आवडली, म्हणून १९५७ मध्ये ती अमेरिकेला नेली. तेथील लांबरुंद, वेगवान रस्त्यांवर ती धापा टाकू लागली, थरथरू लागली. १९६० मध्ये तिची निर्यात थांबवावी लागली. लँड क्रूझर तेवढी तग धरून राहिली. १९६४ मध्ये नव्या 'कोरोना' गाडीची मेइशिन द्रुतगती मार्गावर एक लाख किलोमीटरची जाहीर चाचणी घेतली; १९६५ मध्ये गुणवत्तेसाठीचे डेमिंग पारितोषिक मिळाले; १९६६ मध्ये 'कोरोला' आली आणि जगभर गेली. १९७३ मध्ये तेल महागले तेव्हा कमी तेल पिणाऱ्या जपानी गाड्यांचे अमेरिकेत चीज झाले. वाळवंटात मालमोटारी इतक्या टिकल्या की, १९८७ मधल्या चाड आणि लिबिया यांच्या लढाईला लोक 'टोयोटा युद्ध' म्हणू लागले.

मात्र दोरीची दुसरी बाजू आहे. सातोशी कामाता या पत्रकाराने १९७२ मध्ये हंगामी कामगार म्हणून तेथे काम केले आणि रांगेच्या वेगाने माणूस कसा पिळून निघतो यावर पुस्तक लिहिले. २००२ मध्ये एक तिशीतला कामगार कारखान्यातच कोसळून मेला. २००७ मध्ये नागोयाच्या न्यायालयाने तो अतिश्रमाचा बळी ठरवला, आणि कामाच्या वेळेनंतर 'स्वेच्छेने' होणाऱ्या गुणवत्ता मंडळांच्या बैठका हेही कामच आहे, असा निवाडा दिला. वाढीची घाई झाली तेव्हा गाड्यांनाही ते भोवले. २००८ मध्ये कंपनी विक्रीत जगात पहिली आली; लगेच २००९-१० मध्ये वेगाचा पायखटका अडकण्याच्या तक्रारींवरून लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि किइचिरोच्या नातवाला, आकिओ टोयोदाला, अमेरिकन काँग्रेसपुढे क्षमा मागावी लागली. अमेरिकेतल्या मालमोटारींचे सांगाडे गंजल्याबद्दल २०१६ मध्ये मालकांशी मोठी तडजोड करावी लागली.

उलट बाजूचे उदाहरणही देतो. कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. भांडखोर आणि कामचुकार म्हणून तेथील कामगारांची दुष्कीर्ती होती. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तोच कारखाना उघडला, बहुतेक तीच माणसे परत घेतली, युनियन मान्य केली, हाती दोरी दिली, आणि सहसा कोणाला कमी करणार नाही असे वचन दिले. १९८८ मध्ये खप घसरला तेव्हाही ते पाळले. कारखान्याचे काम उत्तम चालले. वाईट कामगार रातोरात चांगले झाले नव्हते. कारभार बदलला होता.

आपल्याकडे ही कंपनी किर्लोस्करांच्या भागीदारीने आली. बेळगावच्या सायकल दुकानातून लोखंडी नांगरापर्यंत गेलेले लक्ष्मणराव आणि सुताराचा मुलगा साकिची, दोघे एकाच पिढीचे. आधी १९९५ मध्ये सूतगिरणीच्या यंत्रांचा कारखाना, मग १९९७ मध्ये मोटारींची कंपनी बंगळूरजवळ बिडदी येथे. २००० मध्ये क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा आली. २००६ साली तेथे संप झाला. २०१४ आणि २०२० साली टाळेबंदी. म्हणजे सहकार्याचा मंत्र जपानातून येताना वाटेत थोडा विरला.

आता माझा अनुभव. सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षांपूर्वी 'जपानी पद्धत' आणली. भिंतीवर फलक लागले, कानबानच्या चिठ्ठ्या आल्या, दोरीही बसवली. सहा महिन्यांनी एका ठेकेदारी पोराने ती ओढली, कारण साचा सरकून भागांना तडे जात होते. संध्याकाळी त्याचे गेटपास काढून घेतले. तो मला विचारत आला, "भाऊ, ओढायला नाही तर लावली कशाला?" त्याची बाजू आम्ही लढवली. पण ठेकेदाराच्या कागदावर त्याचे नावच धड नव्हते. त्याला परत घेता आले नाही, हे मी येथे कबूल करतो.

श्रोतेहो, त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात आहे. ज्याची उद्याची भाकरी पक्की, तोच आज दोरी ओढतो. टोयोटाने १९५० मध्ये फार मोठ्या अन्यायाने का होईना, ही गोष्ट ओळखली, आणि निदान कायम कामगारांपुरती पाळली. आपण चिठ्ठ्या आणल्या, फलक आणले, दोरीही आणली. हमी तेवढी तिकडेच राहिली. पुढच्या वेळी कोणी आपल्याला सांगेल की ही गाडी फार भरवशाची आहे, तेव्हा ती ज्याने जोडली त्याचा कशावर भरवसा आहे, हेही एकदा विचारावे, एवढीच माझी विनंती.